उत्स्फूर्त प्रतिक्रिया

१२ एप्रिल, रविवार

ही डायरी जानेवारीत पक्षाकडून मिळालेली. पहिल्या पानावर आमच्या शहराध्यक्षांचा, महिपतशेठचा फोटो आहे, त्यामुळे इतके दिवस हिच्यात किराण्याची यादी लिहायचंही धाडस झालं नाही. आज लिहितेय, कारण आज जे बघितलं ते बोलायला घरात जागा नाही.

सकाळी तलावाकाठी शेठचा जनता दरबार होता. मी स्टेजवर. नगरसेविका होऊन तीन महिने झाले, माझी जागा ठरलेली आहे : दुसरी रांग, डावीकडून चौथी खुर्ची. शेठनी जाहीर केलं की गावच्या तलावाला त्यांच्या वडिलांचं नाव देणार, याच महिन्यात महासभेत ठराव येणार. टाळ्या झाल्या. मीपण वाजवल्या.

तेवढ्यात मांडवात त्र्यंबक सर उभे राहिले. सर आता पंचाहत्तरीचे असतील. अर्ध्या गावाला त्यांनी शिकवलंय, माझ्या नवऱ्याला, सूरजलाही. ते म्हणाले, "महिपत, हा तलाव गावानं खणला. माझ्या आईनं टोपल्या वाहिल्यात. त्याचं नाव बदलायचं कुणी ठरवलं? आम्हाला कधी विचारलंस?"

शेठना नुसतं 'महिपत' म्हणून हाक मारलेली मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली. शेठ हसले. "सर, ऊन लागतंय तुम्हाला. बसा."

"उत्तर दे, मग बसतो."

मग चौघे-पाच जण पुढे गेले. एकाने सरांचे हात धरले आणि दुसऱ्याने काळं ऑइल त्यांच्या तोंडाला फासलं. सरांचा चष्मा पडला. ते खाली वाकून चाचपडत राहिले आणि मांडवात एवढी माणसं असून कोणी हललं नाही. माझ्या पर्समध्ये रुमाल होता. मी उठले नाही.

दुपारी माझ्या फेसबुकवर माझंच निवेदन वाचलं. "सदर घटना ही कार्यकर्त्यांची उत्स्फूर्त प्रतिक्रिया असून ज्येष्ठांनीही बोलताना भान ठेवावे. आपली नम्र, नगरसेविका सौ. कल्पिता सूरज भोईर." माझं अकाउंट पक्षाच्या कार्यालयातले गणूभाऊ चालवतात. आमच्या पट्ट्यातल्या अकराही नगरसेवकांच्या नावाने हेच निवेदन आहे, फक्त खालचं नाव वेगळं.

सूरजला दाखवलं. तो शाखाप्रमुख आहे, हे सगळं त्याला माझ्यापेक्षा कळतं. "बरोबर आहे ना," म्हणाला आणि जेवला नाही. ॲसिडिटी झाली म्हणे.

१३ एप्रिल, सोमवार

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, सकाळीच खोबरेल तेलाची बाटली घेऊन सरांकडे गेलेल्या. ऑइल साबणाने निघत नाही, तेलानेच निघतं. सरांच्या बायकोने, शांताबाईंनी, तासभर चोळलं तरी कानामागे राहिलंच म्हणाल्या.

आई परत आल्या तर त्यांच्या डाव्या गालावर रुपयाएवढा काळा ठिपका.

सूरज ओरडला, "आई, हे काय?"

"तीट. सरांना कुनाची तरी नजर लागली ना? मंग तीट नको लावाया? शांताबायला लावली, मना लावली. आमी पाच जनी पायऱ्यांवर बसलो होतो."

"पुस ते. शेठची माणसं बघतील."

"बगू दे. बगासाठीच लावलंय."

सूरज बाहेर गेला. मला त्याची काळजी वाटते. त्याचा रेती-विटांचा सगळा सप्लाय शेठच्या साइटवर जातो. आईंना हे कोण सांगणार?

१५ एप्रिल, बुधवार

पाचाच्या दोनशे झाल्या. बायकाच नाहीत, रिक्षावाले, रिटायर्ड माणसं, समोरच्या टॉवरमधले लोक. सगळ्यांच्या गालावर काजळ. माझी लेक समृद्धी बारावीची परीक्षा देऊन मोकळी झालीय, तिने आजीचा व्हिडिओ टाकला. "माजी सून नगरसेविका हाय, पन तलाव काय तिच्या बापाचा नाय न् शेठच्यापन बापाचा नाय." दोन लाख लोकांनी बघितला. मी तोंड कुठे लपवू?

संध्याकाळी माझं दुसरं निवेदन आलं. "तलावावर बसलेले लोक गावातले नसून बाहेरून आणलेले आहेत." आईंचा जन्म त्या तलावापासून तिसऱ्या घरातला. लग्न होऊन आल्या त्या पाचव्या घरात.

समृद्धीने ते आजीला मोठ्याने वाचून दाखवलं. आईंनी जेवताना माझ्या ताटात भाकरी वाढली आणि म्हणाल्या, "बाहेरच्या बाईच्या हातची चालंल ना?"

मी गणूभाऊंना फोन केला. म्हटलं, मला न विचारता टाकू नका. ते हसले. "ताई, तुम्हाला विचारून टाकायला लागलो तर पक्ष कधी चालवणार?" माणूस वाईट नाही. चाळीस वर्षं कार्यालय झाडण्यापासून सगळं केलंय. मला वाटतं त्यांचं बरोबरच असेल, मला राजकारण कळत नाही.

१८ एप्रिल, शनिवार

आज शीळफाट्याचा रस्ता बंद झाला. कोणी बंद केला असं नाही, माणसंच एवढी उतरली. डोंबिवलीतून, कल्याणातून, बाळकुमहून. बाळकुम माझं माहेर, तिथून माझी वहिनी तिच्या कॉम्प्लेक्समधल्या पस्तीस बायका घेऊन आली. गालाला काजळ, डोक्याला ओढणी. प्रत्येकीच्या गावात, सोसायटीत, कुठे ना कुठे एक महिपतशेठ आहे. म्हणूनच आलो, असं वहिनी म्हणाली.

विरोधी पक्षाचे मोठे पुढारी गाड्या घेऊन तलावावर आले. सोबत झेंडे आणि कॅमेरे. सर त्यांना म्हणाले, "या, बसा. झेंडे गाडीत ठेवून या." दोघे बसले, बाकीचे फोटो काढून गेले. जाताना त्यांनी निवेदन दिलं की हा त्यांच्या पक्षाचा लढा आहे. आमच्या पक्षाचे वरचे नेते मुंबईत म्हणाले की ही स्थानिक बाब आहे, माहिती घेऊन बोलू. शेठचं निवेदन आलं : विकासविरोधी शक्तींचा डाव. तलावाच्या पायऱ्यांवर बसलेल्या म्हाताऱ्या बायकांना शक्ती म्हणतात हे मला आज कळलं.

१९ एप्रिल, रविवार

शेठनी बंगल्यावर बोलावलं. मी आणि सूरज.

खोटं कशाला लिहू, मी शेठचं खाल्लेलं मीठ विसरलेले नाही. आईंना अटॅक आलेला तेव्हा ते स्वतः हॉस्पिटलमध्ये बसून होते. शिवणक्लास चालवणाऱ्या माझ्यासारखीला तिकीट दिलं. महिला राखीव जागा होती म्हणून दिलं, पण दिलं ना. आजही त्यांनी आधी समृद्धीच्या परीक्षेचं विचारलं. पेपर कुठला अवघड गेला तेसुद्धा त्यांना माहीत होतं.

मग म्हणाले, "पोरी, सासूला उद्या घरी बसव."

"शेठ, त्या माझं ऐकत नाहीत."

"मग ऐकव. गाव माझं आहे. गावाला काय पाहिजे ते मला गावाला विचारायला लागत नाही. इतकी वर्षं विचारलं नाही, काय वाईट झालं?"

खरंच काय वाईट झालं? रस्ते आहेत, दवाखाना आहे. निघताना दाराशी एक बाई चहाचा ट्रे घेऊन उभी होती. शेठ बोलताहेत म्हणून आत येत नव्हती. चहावर साय धरलेली. आम्ही गेल्यापासून ती तिथेच उभी असणार.

गाडीत सूरजला विचारलं, तू एक शब्द का बोलला नाहीस? तो म्हणाला, "त्यांनी मला विचारलं कुठे?" शेठची बाजू घ्यायला तरी बोलायचं होतं. हल्ली तो घुम्याच झालाय.

२१ एप्रिल, मंगळवार

तलावावर गेलेले. आंदोलनाला नाही, आईंच्या बीपीच्या गोळ्या द्यायला. त्या म्हणाल्या, बस जरा, पाणी पी. म्हणून बसले. दोन तास.

शेवटी सरांना म्हटलं, "सर, त्या दिवशी मी स्टेजवर होते."

"दिसलीस मला. चष्मा नंतर पडला."

"मी उठायला पाहिजे होतं."

सर म्हणाले, "हो." एवढंच. नाही गं, तुझा काय दोष, असं म्हणतील असं मला वाटलेलं. वाईट वाटलं, पण नंतर मोकळंही वाटलं. मग त्यांनी विचारलं, महासभेत ठरावाची प्रत आधी मिळते का? मिळते म्हटलं. "वाचतेस?" मी नाही म्हटलं. "वाच," म्हणाले. सातवीच्या मुलीला सांगावं तसं.

ऊन फार होतं. तिथे रोज थंड पाण्याचे वीस जार येतात. कोण पाठवतं कोणालाच माहीत नाही. टेम्पोवाला पहाटे ठेवून जातो. कोणीतरी भला माणूस असेल. आईंना विचारलं तर त्या पदर तोंडाला लावून हसत बसल्या.

निघताना कुणा पोरीने माझ्याही गालाला काजळ लावलं. घरी येईपर्यंत पुसलं नाही, इतकंच. नंतर धुतलं.

२३ एप्रिल, गुरुवार

शीळफाट्यापासून ठाण्यापर्यंत मोर्चा, कलेक्टर ऑफिसवर. वर्तमानपत्रवाले पंधरा हजार म्हणतात, आमचं कार्यालय आठशे म्हणतं. मी आईंबरोबर गेले, कारण त्यांना एकटीला सोडणं शक्य नव्हतं. सगुणाबाई भोईर, वय एकोणसत्तर, हार्ट पेशंट, मुंब्र्यापर्यंत माझ्या पुढे चालत होत्या. तिथून पुढे मी त्यांना जबरदस्तीने रिक्षात बसवलं. कळव्याला लोकांनी बाल्कन्यांमधून पाणी शिंपडलं. कोणी दगड मारला नाही, एक काच फुटली नाही. सरांनी कलेक्टरांना निवेदन दिलं, त्यात दोनच ओळी. नाव बदलण्याआधी गावाला विचारा. प्रश्न विचारणाऱ्याला हात लावू नका.

बाळकुमची वहिनी म्हणाली, पाण्याच्या टेम्पोवर 'भोईर सप्लायर्स' वाचलं. तिला चष्म्याचा नंबर वाढवून घ्यायला सांगितलं. आमचा टेम्पो आठ दिवस सर्व्हिसिंगला आहे, सूरजनेच सांगितलंय.

२५ एप्रिल, शनिवार

पक्षाचा व्हीप आला. मंगळवारी महासभेत नामकरणाच्या ठरावाच्या बाजूने हात वर करायचा. नाही केला तर अपात्रता, म्हणजे नगरसेवकपद जाईल. सोबत दुसरा ठराव, आंदोलकांच्या निषेधाचा. प्रत वाचली. दोनदा. 'ग्रामस्थांच्या एकमुखी मागणीनुसार' असं लिहिलंय.

शेठनीही निवेदन दिलं. "कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास दिलगिरी." आई म्हणाल्या, "भावनेला कुटं ऑइल लागला? तोंडाला लागला."

अक्षदाचा फोन आलेला. ती शेजारच्या प्रभागाची, माझ्यासारखीच पहिल्यांदा निवडून आलेली. हळू आवाजात म्हणाली, "तू काय करणारेस?" मी म्हटलं माहीत नाही. ती म्हणाली, "मलापण माहीत नाही. पण तू नाही करणार असशील तर मला आधी सांग हं." दोघी रडलो आणि फोन ठेवला.

सूरजला साइटवरून उद्यापासून माल नको म्हणून कळवलंय. माझ्यामुळे, मोर्च्याला गेले म्हणून. मी माफी मागितली. तो म्हणाला, "शिवणाचं मशीन आहे ना घरात? मी काजं-बटणं करीन." अशा वेळी कोणी थट्टा करतं का?

२८ एप्रिल, मंगळवार

दुपारचे चार वाजलेत. लगेच लिहून काढते.

सकाळी सूरज म्हणाला, मी सोडतो. त्याने इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला. उतरताना त्याने माझ्या पर्समध्ये पाण्याची बाटली कोंबली. त्याच्या बोटाला काळं लागलेलं. विचारलं तर म्हणाला, ग्रीस आहे.

सभागृहात आमच्या पक्षाला चार मतांचं बहुमत आहे. शेठ प्रेक्षक गॅलरीत पहिल्या रांगेत बसलेले. नामकरणाचा विषय पुकारला. गणूभाऊंनी आधीच सांगितलेलं की चर्चा होणार नाही, हात वर करायचा की संपलं. मी हात वर केला. महापौर म्हणाल्या, "अहो, मतदान अजून सुरू नाही झालं."

"बोलायचंय," मी म्हटलं.

गलका झाला. कोणीतरी 'खाली बस' म्हणालं. बाक धरून उभी राहिले. लिहून नेलेला कागद सापडेना. मग जे आलं ते बोलले. "माझ्या नावाने आजवर दोन निवेदनं निघाली. दोन्ही मी लिहिली नव्हती. हे तिसरं माझं आहे. या ठरावात ग्रामस्थांची एकमुखी मागणी असं लिहिलंय. मी त्या गावात राहते. मला कुणी विचारलं नाही. माझ्या सासूला विचारलं नाही. एका माणसाने 'आम्हाला विचारलं का' एवढंच विचारलं, तर त्याचं तोंड काळं केलं. मी तिथे होते आणि गप्प बसले. आज गप्प बसता येत नाही. माझं मत विरोधात." आणि बसले. मिनिटभरही झालं नसेल.

वर बघायची हिंमत नव्हती. मतदान सुरू झालं. बाजूने हात वर गेले, ते मोजायला लागले. अक्षदा माझ्या पुढच्या बाकावर. तिचे दोन्ही हात मांडीवर घट्ट धरलेले दिसत होते. तिच्या पलीकडे महिला बालकल्याण समितीच्या नयनताई. त्यांचाही हात खाली. आणखी दोघे पुरुष, एक तर शेठचा लांबचा भाचा.

बाजूने सत्तेचाळीस, विरोधात त्रेपन्न.

निषेधाचा ठराव मांडणाऱ्याने मांडलाच नाही. गॅलरीत बघितलं तर शेठची खुर्ची रिकामी होती. विचित्र गोष्ट लिहिते, मला त्या क्षणी त्यांचीही दया आली. एवढ्या वर्षांत त्यांना नाही म्हणणारं माणूस भेटलं असतं तर ते असे झालेच नसते.

बाहेर सूरज गाडीला टेकून उभा होता. "झालं?" म्हणाला. मी मान हलवली. तो माझ्याकडे न बघता दरवाजा उघडत बसला. दरवाजा उघडाच होता.

३० एप्रिल, गुरुवार

काल आणि आज नुसत्या प्रतिक्रिया. मुंबईचे नेते म्हणाले, पक्ष कायम जनतेसोबतच होता. शेठना शहराध्यक्षपदावरून मोकळं केलं, 'प्रकृतीच्या कारणास्तव'. विरोधी पक्षाने ढोल वाजवले. ऑइल फासणाऱ्या तिघांवर गुन्हा दाखल झाला. चौथा स्वतः सरांच्या घरी जाऊन पायरीवर बसून राहिला. सरांनी त्याला आत घेतलं की नाही, माहीत नाही.

आम्हा पाच जणांना अपात्रतेची नोटीस आली. अक्षदाने वकील शोधलाय. पद जाईल कदाचित. लढायचं ठरवलंय.

गणूभाऊंनी माझ्या अकाउंटचा पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून पाठवला. खाली लिहिलेलं, "ताई, आता तुम्हीच चालवा. शुद्धलेखन सांभाळा."

१० मे, रविवार

तलावाकाठी आज सभा होती. स्टेज नव्हतं. सर म्हणाले, नगरसेविका इथे मध्ये बसेल आणि ज्याला जे विचारायचंय ते विचारा. मला वाटलं, सत्कार वगैरे होईल. छान साडी नेसून गेलेले.

पहिलाच प्रश्न टॉवरमधल्या एका बाईचा. मी तिला ओळखत नाही. ती उभी राहून म्हणाली, "बारा तारखेला तुमच्या नावाने आलं होतं, ज्येष्ठांनी भान ठेवावं. मी तो स्क्रीनशॉट ठेवलाय. तुम्ही सभागृहात बोललात ते चांगलं केलंत. पण त्याचं काय?"

वाटलं, आई काहीतरी बोलून वाचवतील. त्या खाली बघून चटईची काडी मोडत बसलेल्या. वाचवलं नाही.

"मी लिहिलं नव्हतं," मी म्हटलं, "पण नाव माझं होतं, आणि मी ते काढायला लावलं नाही. ती माझी चूक. सरांची माफी मागितलीय, तुमचीही मागते. नोटिशीतून वाचले आणि परत असं झालं, तर असंच उभं राहून विचारा."

बाई म्हणाली, "विचारणारच." आणि बसली. रागाने नाही, सहज.

त्यानंतर थांबायलाच तयार नव्हते. गटार, पाण्याची वेळ, स्मशानाकडचे दिवे, रिक्षास्टँड, शाळेतलं छप्पर. तलावाच्या नावावरून दोन म्हाताऱ्यांची जुंपली, सरांनी दोघांना दोन टोकांना बसवलं. एक पोरगी म्हणाली नाव कशाला पाहिजे, तलावच म्हणूया. कुणी कुणाला घाबरत नव्हतं. सूरज मागे उभा राहून एकेक प्रश्न कागदावर लिहून घेत होता. त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

मग आई उठल्या. माईक हातात कसा धरायचा ते समृद्धीला विचारलं आणि माझ्याकडे अनोळखी असल्यासारखं बघत म्हणाल्या, "नगरसेविका बाय, घाटाच्या पायऱ्या तीन वरसं तुटल्यात. म्हातारी मानसं पडतात. कवा करनार?"

सगळे हसले. मी नाही हसले, कारण मला खरंच माहीत नव्हतं. रोज त्याच पायऱ्यांवरून आई पाय धरत उतरतात आणि मी एकदाही विचारलं नव्हतं.

"माहीत नाही," मी म्हटलं. "उद्या इंजिनिअरकडे जाते. संध्याकाळी सांगते."

"घरी नको सांगू," आई म्हणाल्या. "हितं येऊन सांग. सगल्यांना."

एकूण एकोणीस प्रश्न आले. सहांची उत्तरं देता आली. उरलेले तेरा सूरजच्या अक्षरात माझ्यासमोर आहेत. पालिका दहाला उघडते. साडेनऊलाच जाऊन उभी राहीन म्हणते.